गहू फुकट, डाळ महाग

डाळींच्या मुलखात वसलेल्या जबलपूर शहरात गरिबाच्या ताटातून सर्वांत आधी नाहीशी होते ती डाळच. महागाईचा आकडा वर्तमानपत्रात छापून येण्याच्या कितीतरी आधी तो चुलीपाशी कळलेला असतो.

रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास जबलपूरच्या निवाडगंज भाजीबाजारात गिऱ्हाइकांची दुसरी पाळी सुरू होते. पहिली पाळी संध्याकाळची. ती स्कूटरवाल्यांची, हातात कापडी पिशवी घेऊन टोमॅटो एकेक करून निवडणाऱ्या गृहिणींची. दुसऱ्या पाळीत येतात धुणीभांडी करून परतणाऱ्या बाया, हातगाडीवाले, हमाल, बांधकामावरचे मजूर. निवडायला फारसे उरलेले नसते. जे उरते ते वाट्याने विकले जाते. दबलेले टोमॅटो, पिवळी पडू लागलेली मेथी, कोंब फुटलेले बटाटे. भाजीवाल्यालाही माल घरी न्यायचा नसतो, म्हणून भाव उतरतो. घरी गेल्यावर सडलेला भाग कापून टाकला की वाट्यातला पाव हिस्सा कचऱ्यात जातो. म्हणजे स्वस्तात घेतलेली भाजी शेवटी किती स्वस्त पडते, हा हिशेब करायचा कोणी?

हा हिशेब करण्याजोगा आहे, कारण महागाई सर्वांना सारखी नसते. भारत सरकारच्या २०२२-२३ च्या घरगुती खर्च पाहणीत शहरी कुटुंबाच्या एकूण खर्चापैकी सुमारे ३९ टक्के आणि ग्रामीण कुटुंबाच्या खर्चापैकी सुमारे ४६ टक्के रक्कम खाण्यापिण्यावर गेल्याचे दिसले. ही सरासरी झाली. मिळकत जितकी कमी तितका हा वाटा मोठा. ज्याच्या घरात शंभरातले तीस रुपये अन्नावर जातात, त्याला भाजी महागली म्हणजे हॉटेलात जाणे एकदा कमी करावे लागते. ज्याचे साठ जातात, त्याला भाजीच कमी करावी लागते.

आणि २०२३-२४ या दोन वर्षांत भाजी खरोखरच महागली. जुलै २०२३ मध्ये देशात खाद्यपदार्थांची महागाई वर्षभरात साडेअकरा टक्क्यांवर गेली. टोमॅटोने काही शहरांत किलोला दोनशे रुपयांचा टप्पा गाठला. ऑक्टोबर २०२४ मध्ये एकट्या भाज्यांचे भाव आदल्या वर्षाच्या तुलनेत ४२ टक्क्यांनी चढले होते. २०२५ च्या उत्तरार्धात हेच आकडे शून्याच्याही खाली उतरले आणि अर्थतज्ज्ञांनी सुटकेचा श्वास घेतला. पण आकडा खाली आला म्हणजे दोन वर्षे उधारीवर चालवलेल्या संसाराची वही कोरी होत नाही.

एका शहरात दोन महागाया

जबलपूर हे पगारदारांचे शहर आहे. १९०४ साली इथे तोफगाड्यांचा कारखाना उभा राहिला, १९६९ मध्ये लष्करी वाहनांचा. खमरियाला दारूगोळा बनतो. मध्य प्रदेशचे उच्च न्यायालय इथे आहे, पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय इथे आहे. या नोकऱ्यांत वर्षातून दोनदा महागाई भत्ता वाढतो. १ जानेवारी २०२४ पासून केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा भत्ता मूळ पगाराच्या ५० टक्के झाला आणि त्यानंतरही तो वाढत गेला. डाळ वाढली तर भत्ताही वाढतो. उशिरा का होईना, वाढतो.

याच शहराच्या गल्ल्यांत दुसरे एक जबलपूर विड्या वळते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून हे शहर विडीधंद्याचे मोठे केंद्र राहिले आहे. सट्टेदार तेंदूची पाने, तंबाखू आणि दोरा तोलून देतो. बाया घरी बसून पाने भिजवतात, फर्मा ठेवून कापतात, वळतात, बांधतात. मजुरी हजाराच्या हिशेबाने. विडी वाकडी निघाली, पान फाटले, तर ती छाट म्हणून बाजूला निघते आणि तिचे पैसे कापले जातात. किमान वेतनाच्या दरात महागाई भत्त्याची तरतूद राज्यात आहे, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये नवे दर जाहीर होतात. मात्र सट्टेदाराच्या वहीपर्यंत तो दर पोहोचायला किती महिने लागतात हे त्या वहीवरच अवलंबून! भांडी घासणाऱ्या बाईला तर तोही आधार नाही. तिचा पगार ठरतो मालकिणीशी बोलून. ज्या महिन्यात तेल महागते त्याच महिन्यात मालकीणही म्हणते, ‘अगं, आमचेच भागत नाही, पुढच्या दिवाळीला बघू.’

पुडीची महागाई

सुखवस्तू घरात महागाईवर एक जुना उतारा आहे, वर्षाची बेगमी. एप्रिल-मेमध्ये नवा गहू बाजारात आला, भाव पडला की पोती घ्यायची, ऊन दाखवायचे, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत भरून ठेवायची. डाळही तशीच. जबलपूरच्या जुन्या मराठी घरांत हा रिवाज आजीपासून चालत आला आहे. पण बेगमीला दोन गोष्टी लागतात, एकरकमी पैसा आणि कोरडी जागा. पत्र्याच्या एका खोलीत दोन्ही नसतात.

तिथे खरेदी होते ती रोजची. दहा रुपयांचे तेल, पाच रुपयांची हळद-तिखटाची पुडी, पावशेर डाळ. समजा डाळीचा भाव किलोला १६० रुपये आहे. किलो घेणाऱ्याला ती १६० ला मिळते. पाव किलो घेणाऱ्याकडून दुकानदार चाळीसऐवजी पंचेचाळीस घेतो. म्हणजे त्या बाईला किलोची डाळ १८० रुपयांना पडली. दुकानदारालाही दोष देता येत नाही. पुडी बांधायला वेळ लागतो, तोलताना चार दाणे सांडतात, शिवाय निम्मा माल उधारीवर जातो. उधारीचे व्याज कोणी लिहीत नाही, ते भावातच मिसळलेले असते. घाऊक बाजारात डाळ दोन रुपयांनी उतरली की ती उतराई मोठ्या दुकानात आठवड्याभरात दिसते. गल्लीतल्या दुकानात पंचेचाळीसची पुडी पंचेचाळीसलाच राहते.

सुट्या मालाला आणखी एक रोग जडलेला असतो, भेसळ. १९९८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात धोत्र्याच्या तेलाची, म्हणजे पिवळ्या धोत्र्याच्या बियांतून निघणाऱ्या विषारी तेलाची भेसळ झाली. पाय सुजून, हृदय निकामी होऊन साठाच्या आसपास माणसे मेली. त्याच वर्षी ऑक्टोबरात कांदा किलोला पन्नास-साठ रुपयांवर गेला आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत दिल्ली आणि राजस्थानमधली सरकारे पडली. मध्य प्रदेशातले सरकार मात्र तरले. कांद्याने सरकारे पडतात असे तेव्हापासून म्हटले जाते. डाळीने कोणाचे सरकार पडल्याचे ऐकिवात नाही. कांदा नसला की श्रीमंताच्याही मटणाची चव जाते, डाळ नसली की फक्त गरिबाचे पोर खुरटते, हे त्याचे कारण असावे.

भरलेले दुकान, रिकामे पोट

जबलपूरला हा धडा नवा नाही. ७ मार्च १८७० रोजी मुंबईकडून आलेला आणि अलाहाबादकडून आलेला लोहमार्ग याच गावी जोडला गेला आणि मुंबई-कलकत्ता हा प्रवास सलग आगगाडीने होऊ लागला. आदल्याच वर्षी सुएझचा कालवा खुला झाला होता. नर्मदेच्या खोऱ्यातला गहू आगगाडीत चढून मुंबईला आणि तिथून बोटीने युरोपात जाऊ लागला. भाव चढे राहिले, सावकार आणि मालगुजार सुखावले. शेतमजुराला धान्याच्या रूपाने मिळणारी मजुरी हळूहळू पैशात मिळू लागली. मग १८९३ नंतर ओळीने काही वर्षे अतिवृष्टीने आणि तांबेऱ्याने गव्हाचे पीक गेले, १८९६ ला पाऊस मध्येच ओढला आणि दुष्काळ उभा राहिला.

१८९७ मध्ये ज्युलियन हॉथॉर्न नावाचा अमेरिकन पत्रकार ‘कॉस्मोपॉलिटन’ मासिकासाठी हा दुष्काळ पाहायला आला. तो जबलपूरला पोहोचला तेव्हा तिथल्या एका अमेरिकन मिशनऱ्याने त्याला आधी कुठे नेले असेल? दुष्काळी छावणीत नव्हे, तर बाजारात. तिथे हाडांचे सापळे झालेली माणसे दाणे मागत फिरत होती आणि शेजारीच धान्याचे व्यापारी निवांत बसले होते. १८९१ च्या शिरगणतीत जबलपूर जिल्ह्याची लोकसंख्या ७ लाख ४८ हजारांच्या घरात होती. दोन दुष्काळांनंतर, १९०१ मध्ये ती ६ लाख ८० हजारांवर आली.

धान्य नसल्यामुळे नव्हे, तर धान्य विकत घेण्याची ताकद हरवल्यामुळे माणसे भुकेने मरतात, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात मुख्यतः १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावरून दाखवून दिले. त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले ते १९९८ च्या ऑक्टोबरात, म्हणजे देश कांद्यासाठी रांगेत उभा होता त्याच महिन्यात.

भाव चढला की माणूस खालच्या प्रतीच्या अन्नाकडे सरकतो, याचीही एक जुनी नोंद याच भागातली आहे. ठगांचा बंदोबस्त करणारा कर्नल स्लीमन पुढे लखनौचा रेसिडेंट झाला, पण त्याची बरीच कारकीर्द जबलपुरात गेली. १८३० च्या आगेमागे सागर भागात गव्हाची पिके बुडाली तेव्हा आपोआप उगवलेली खेसारी, म्हणजे लाखेची डाळ खाऊन लोकांनी दिवस काढले. काही वर्षांत गावोगावची तरुण माणसे कमरेखाली लुळी पडू लागली, असे त्याने आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवले आहे. लाख स्वस्त होती, पाणी नसले तरी येत होती आणि पोट भरत होती. तिच्या विक्रीवर १९६१ मध्ये बंदी आली.

कंट्रोलचा गहू

१८९७ आणि आजच्या मध्ये एक भिंत उभी आहे आणि तिचे श्रेय दिलेच पाहिजे. ती म्हणजे रेशनचे दुकान. मध्य प्रदेशात त्याला अजून ‘कंट्रोल’ म्हणतात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातल्या माणसाला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळण्याचा हक्क दिला. करोनाच्या काळात एप्रिल २०२० पासून त्यावर मोफत धान्याची भर पडली. १ जानेवारी २०२३ पासून कायद्याचे धान्यच मोफत झाले आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढची पाच वर्षे ते मोफत ठेवण्याचे ठरले. युक्रेनच्या युद्धाने २०२२ मध्ये जगभर गव्हाचे भाव भडकले आणि १३ मे रोजी भारताने गव्हाची निर्यात थांबवली, तेव्हा जबलपूरच्या झोपडपट्टीत पिठाचा डबा रिकामा झाला नाही तो या दुकानामुळेच. त्याच्या पन्नास वर्षे आधी, १९७२ मध्ये मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या मागे हजारो बायका लाटणी आणि थाळ्या वाजवत रस्त्यावर उतरल्या होत्या. त्यांच्या मागण्यांत धान्य आणि तेल वाजवी भावाने मिळावे हीच मुख्य मागणी होती.

पण पाच किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम. पाच-सहा फुलके झाले! सकाळी विटा उचलायला जाणाऱ्या माणसाची एका जेवणाची भूकही त्यात भागत नाही. उरलेले धान्य बाजारातून आणावे लागते. ज्याचा अंगठा यंत्रावर उमटत नाही, ज्याची ‘समग्र’ आयडीवरची कुटुंबनोंद जुळत नाही, त्याला पुन्हा पुन्हा चकरा माराव्या लागतात. वर्षानुवर्षे तेंदूपान कापून आणि भांडी घासून बोटांच्या रेषा गेलेल्या बायांच्या बाबतीत हे सहज घडते. शिवाय किती लोकांना कार्ड द्यायचे ही संख्या २०११ च्या जनगणनेवर बेतलेली. त्यानंतर जन्मलेली मुले, मंडला-डिंडोरीकडून कामासाठी शहरात आलेली कुटुंबे यांची सोय त्याच आकड्यात कशीबशी करायची.

तरीही गहू-तांदूळ मिळतो. गरिबाचे ताट अडते ते त्याच्या पुढे. पोळी कशाशी खायची?

भाव वाढले की ताट एका क्रमाने रिकामे होत जाते. आधी दूध चहापुरते उरते. मग फळे जातात, ती तशीही सणावारीच असतात. मग डाळ पातळ होते, दोन वेळची एक वेळ होते, मग आठवड्यातून दोनदा. फोडणीचे तेल चमच्याने मोजले जाते. भाजी म्हणजे बटाटा. शेवटी पोळी, मीठ, हिरवी मिरची आणि मिळालाच तर कांदा. घरातल्या घरातही एक क्रम असतो. कमावत्या पुरुषाला आधी, मग मुलांना, आणि शेवटी बाई पातेल्यात उरलेल्यात पाणी घालून घेते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मध्य प्रदेशातल्या निम्म्याहून अधिक, जवळपास ५५ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले आणि पाच वर्षांखालच्या शंभरातल्या ३५-३६ मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. पोट भरले तरी अंगी लागले नाही, असे आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या बायका म्हणतात ते हेच. स्वस्त प्रथिनांचा एक साधा मार्ग अंड्याचा होता. २०१५ मध्ये अंगणवाडीत अंडी देण्याचा प्रस्ताव राज्य सरकारने नाकारला. ज्यांना अंडे चालत नाही त्यांना केळे देता आले असते, पण ज्यांना चालते त्यांचे अंडे का अडवावे, याचे उत्तर त्या मुलांच्या आयांना मिळालेले नाही.

डाळ पिकवणारा मुलूख

सगळ्यात बोचणारी गोष्ट ही की मध्य प्रदेश हे देशात सर्वाधिक डाळी पिकवणाऱ्या राज्यांपैकी एक आहे. जबलपूरहून इटारसीकडे निघाले की वाटेत नरसिंहपूर जिल्ह्यातले गाडरवारा लागते. तिथली तूरडाळ नावाजलेली आहे. खुद्द जबलपूरच्या काळ्या जमिनीच्या पट्ट्याला ‘हवेली’ म्हणतात. पावसाळाभर शेताला बांध घालून पाणी कोंडायचे, दसऱ्याच्या सुमारास सोडून द्यायचे आणि त्या ओलीवर गहू, हरभरा, मसूर पेरायचे अशी इथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. पुढे सोयाबीन आले, बरगी धरणाचे कालवे आले. सरकारी खरेदी भाताची आणि गव्हाची भरवशाची, म्हणून भात-गव्हाचे चक्र रुळले. शेतकऱ्याचा यात काही दोष नाही. डाळीच्या भावाचा भरवसा त्याने कशावर धरावा?

२०१४ आणि २०१५ अशी दोन वर्षे पाऊस कमी झाला आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशे रुपयांपर्यंत गेली. भाव बघून शेतकऱ्यांनी पुढच्या हंगामात तूर भरभरून पेरली, आयातही झाली. २०१६-१७ मध्ये हमीभाव क्विंटलला ५,०५० रुपये असताना बाजारात तूर त्याहून कितीतरी खाली विकली गेली. पुन्हा पेरा आटला, आणि २०२४ च्या मध्याला तूरडाळीचा देशातला सरासरी भाव पुन्हा १६० रुपयांच्या घरात आला.

तेलाची गोष्ट याहून गुंतागुंतीची. भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो. २०२४ मध्ये सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना मंडीत त्याहून कमी मिळत होते, म्हणून मध्य प्रदेशातले शेतकरी रस्त्यावर आले. सप्टेंबरात सरकारने कच्च्या तेलावरचा आयातकर साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेला. ऐन दिवाळीच्या तोंडावर तेल भडकले. ३० मे २०२५ रोजी तो कर साडेसोळा टक्क्यांवर आणला. शेतकरीही गरीब आणि पुडीने तेल घेणारी बाईही गरीब. एकाच तराजूच्या दोन पारड्यांत दोघांना बसवले की एक वर गेल्यावर दुसरा खाली जाणारच. तेलही रेशनवर मिळाले, तर शेतकऱ्याच्या भावाला हात न लावता ही ओढाताण थोडी कमी होईल. पण कंट्रोलच्या दुकानात आजही मुख्यतः धान्यच मिळते.

पैसे हाती देण्याचा मार्ग मध्य प्रदेशाने धरला. १० जून २०२३ रोजी ‘लाडली बहना’ योजनेचा पहिला हप्ता जबलपुरातल्याच कार्यक्रमातून वाटला गेला. सव्वा कोटी बायकांच्या खात्यात एकेक हजार रुपये पडले आणि पुढे रक्कम साडेबाराशे झाली. हा पैसा बाईच्या नावावर येतो, ही मोठीच गोष्ट आहे. कित्येक घरांत त्या पैशातून उधारी फिटली, शाळेची वही आली, गॅसचे सिलिंडर भरले. सिलिंडरचाही डाळीशी संबंध आहे. तूर शिजायला वेळ लागतो आणि वेळ म्हणजे गॅस. म्हणून तर ज्या घरात डाळ येते तिथेही ती मसुराची असते, दोन शिट्ट्यांत होणारी.

वर्षातले दोन-अडीच महिने मात्र या शहरात गरिबाचे ताट हिरवे असते. जबलपूरचा मटार देशभर जातो. पाटण, शहपुरा, पनागर, सिहोरा भागांतून डिसेंबर-जानेवारीत ट्रकच्या ट्रक भरून येतात. आवक वाढली की भाव कोसळतो, शेतकरी कपाळाला हात लावतो आणि निवाडगंजच्या दुसऱ्या पाळीतली गिऱ्हाइके पहिल्यांदाच पिशवी भरून घरी जातात. मटार-बटाटा, मटाराची उसळ, मटार घातलेली खिचडी. कोवळ्या शेंगांची सालेसुद्धा आतला पापुद्रा काढून भाजीत पडतात. विड्या वळता वळता शेजारच्या चार बाया मिळून शेंगा सोलतात आणि पोरे कच्चेच दाणे तोंडात टाकत भोवती फिरतात.

होळी जवळ आली की मटार संपतो.